आबांचे सूप आणि कळण्याचे पीठ

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. भुसावळला रेल्वेत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि आता जळगावला आमच्याकडे असतात. सासूबाई गेल्या पौषात वारल्या. रेल्वे वसाहतीत असताना त्या शेजारच्या एका अँग्लो-इंडियन गार्डच्या पत्नीकडून भाज्यांचे सूप करायला शिकल्या होत्या आणि घरात कोणी आजारी पडले, की कोळशाच्या शेगडीवर ते सूप चढत असे. आबांची भूक अलीकडे फार कमी झाली आहे. ते फक्त 'ते सूप कर' म्हणतात. मी टोमॅटो, गाजर, दुधी कुकरमध्ये शिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून देते. ते दोन चमचे घेतात आणि म्हणतात, 'हे लालभडक आहे. तिचे मातकट दिसायचे आणि जरा बुळबुळीत लागायचे.' नणंदबाईंना फोन केला, तर त्या दरवेळी वेगळीच कृती सांगतात. यजमान म्हणतात, पाकिटाचे आण. पाच महिन्यांत आबांचे वजन ६२ वरून ५८ किलोवर आले आहे. त्यांना रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मुले क्लासवरून उशिरा येतात, म्हणून आबांना साडेसातलाच वेगळे ताट वाढते. ती चव कशी आणावी? नुसत्या सुपावर त्यांचे भागेल का? आणि इतके करूनही वाटी तशीच परत आली, की मला रडू येते, यात माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक भगिनी, जळगाव

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात चवीचा प्रश्न पहिला आहे आणि वजनाचा उल्लेख ओघात आला आहे. मी मात्र आधी वजनाविषयी लिहिते. बासष्ट किलोच्या माणसाचे चार किलो म्हणजे जवळजवळ साडेसहा टक्के वजन झाले. कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर उतारवयात त्याची तपासणी करावी, असा वैद्यकातला साधा दंडक आहे, त्यामुळे आबांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या ते बहुधा सांगतील. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसह सोबत न्या, कारण मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे आणि रक्तदाबाच्या काही औषधांमुळे तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते किंवा अन्न बेचव लागू शकते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. बदल करायचा की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. पत्नी गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वयस्कर माणसांचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, ते जेवणावरची वासना उडण्यातून दिसते, आणि त्यावर उपचार असतात. दात किंवा कवळी एकदा दाखवून घ्या, कारण हिरड्या दुखत असलेला माणूस 'दुखते' म्हणण्यापेक्षा 'नको' म्हणणे पसंत करतो.

आता चवीकडे येऊ. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागून नाकात चढतो आणि जिभेवरच्या खारट, आंबट, गोड, कडू यांच्याशी मिळून ती 'चव' होते. सर्दी झाल्यावर भरीतसुद्धा मातीसारखे लागते, ते याच कारणाने. साठी-सत्तरीनंतर गंध ओळखण्याची शक्ती बहुतेकांची मंदावते. तेव्हा सासूबाईंनी स्वतः येऊन तेच सूप तसेच्या तसे करून दिले असते, तरी आबांना ते पूर्वीसारखे लागलेच असते, असे नाही. हे कटू वाटेल, पण तुमच्या डोक्यावरचे निम्मे ओझे यामुळे उतरायला हरकत नाही.

राहिलेल्या निम्म्याविषयी मात्र मला पुष्कळ सांगायचे आहे, कारण आबांनी दिलेली माहिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार नेमकी आहे. ते कोणत्याही भाजीचे नाव घेत नाहीत, ही पहिली गोष्ट लक्षात घ्या. रेल्वेच्या एका पगारात चालणाऱ्या घरात सुपासाठी म्हणून वेगळी भाजी कधी आणली गेली नसणार. आठवडे बाजारातून आणलेल्या भाजीतले जे उरले असेल, फ्लॉवरचे दांडे, कोबीची वरची पाने, अर्धे गाजर, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) फोड, तेच पातेल्यात पडत असणार. हिवाळ्यात त्यात मटार आणि मेथीच्या काड्या आल्या असतील, आणि वैशाखात, आपल्याकडे बाजारात भाजी कमी येते तेव्हा, कांदा-बटाट्यावरच भागले असेल. म्हणजे ते सूप दर वेळी वेगळे होत होते. नणंदबाई दरवेळी वेगळी कृती सांगतात, याचा तुम्हाला राग आला आहे, पण माझ्या मते त्या प्रत्येक वेळी खरेच सांगत आहेत. त्यांना एकदा गोवराच्या वेळचे आठवते, एकदा परीक्षेच्या तापातले. आबांच्या मनात मात्र चाळीस वर्षांची ती सगळी पातेली एकत्र होऊन एकच सूप झाले आहे, आणि त्या सुपाची कृती कोणाच्याच वहीत सापडणार नाही.

म्हणून शोध भाज्यांचा करू नका. दर वेळी जे बदलत नव्हते, त्याचा करा. आबा दोन खुणा सांगतात : रंग मातकट आणि स्पर्श बुळबुळीत. खानदेशातल्या घरात या दोन्ही गोष्टी एका डब्यातून येऊ शकतात, तो म्हणजे कळण्याच्या पिठाचा डबा. ज्वारीत साधारण चौथा हिस्सा अख्खे काळे उडीद घालून दळलेले हे पीठ उडदाच्या सालीमुळे करडे दिसते, आणि उडदातल्या चिकट पदार्थांमुळे पाण्यात शिजले की त्याला तार सुटते. गार्डसाहेबांच्या पत्नीने सूप दाट करायला मैदा किंवा कॉर्नफ्लोअर सांगितले असेल, आणि सासूबाईंनी, हाताशी जे होते ते, म्हणजे कळण्याचे पीठ लावले असेल, असा माझा अंदाज आहे. आपल्या बायका परक्या घरचा पदार्थ नेहमी असाच आपल्या पिठावर आणतात. आबांना सरळ विचारून पाहा, 'आई त्यात कळणा लावायच्या का?' पुरुषांना कृती आठवत नाही, परंतु डब्यातून काय काढले, हे त्यांना कधी कधी नीट आठवते.

दुसरी न बदलणारी गोष्ट म्हणजे आच. कोळशाच्या शेगडीवर पातेले तासभर मंद रटरटत राहते; त्या वेळात कांद्यातली साखर सुटते, टोमॅटोचा कच्चा आंबटपणा मोडतो आणि त्याची रुची गडद होते. या रुचीला आता जपानी नावाने उमामी म्हणतात; किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यावरून ती वेगळी ओळखली. ज्या ग्लुटामेटमुळे ती येते, ते पिकलेल्या टोमॅटोत नैसर्गिकरीत्याच असते. कुकरच्या तीन शिट्यांत भाजी मऊ होते, पण पाणी आटून रस एकवटण्यासाठी जो वेळ लागतो, तो कुकर देत नाही. मिक्सरविषयीही सांगते. गरम टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवला की त्यात हवा मिसळते, रस फेसाळतो आणि एकजीव, गुळगुळीत होतो. सासूबाईंकडे त्या काळी मिक्सर होता का? नसेल, तर त्यांनी रवीने घोटले असणार, आणि रवीने घोटलेल्या सुपात गंगाफळाचे आणि डाळीचे बारीक कण राहतात, जे जिभेला लागतात. तुम्ही गाळता, ते तर मला अजिबात पटत नाही. गाळणीत राहिलेला चोथा म्हणजे निम्मे सूप तुम्ही टाकून देत आहात.

तेव्हा असे करून पाहा. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात एक चमचा तुपावर एक मोठा कांदा आणि दोन लसूण पाकळ्या मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परता, घाई करू नका. त्यात दोन पिकलेले टोमॅटो, एक गाजर, वाटीभर दुधी, वाटीभर गंगाफळ आणि तीस ग्रॅम, म्हणजे दोन भरलेले पोह्याचे चमचे, मुगाची धुतलेली डाळ घालून सव्वा लिटर पाणी ओता आणि अर्धवट झाकण ठेवून पाऊण तास मंद शिजू द्या. मग आच बंद करून रवीने घोटा. दोन चमचे कळण्याचे पीठ कोरडेच किंचित भाजून गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, आणि घोटलेल्या सुपात ओतून पुन्हा दहा मिनिटे उकळा. ही दहा मिनिटे कमी केलीत, तर उडदाचा उग्र कच्चट वास राहील आणि आबा पहिल्याच चमच्याला ओळखतील. वरून जिऱ्याची तुपातली फोडणी आणि ताजी कुटलेली मिरी घाला. वास मंदावलेल्या नाकाला मिरी, जिरे आणि लिंबू पोहोचतात. मीठ वाढवण्याची गरज त्यामुळे कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट लहान चमचाभरही नाही, इतकेच मीठ सांगितले आहे आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण हे सगळे आले. काही घरांत कळणा दळतानाच त्यात जाडे मीठ घालतात, तेव्हा आधी पिठाची चव घ्या. सासूबाईंचे जुने जर्मनचे पातेले घरात असेल, तर ते जपून ठेवा, पण या कामासाठी वापरू नका; टोमॅटोच्या आंबटपणाने ॲल्युमिनियम अन्नात उतरते.

एक सावधगिरी मात्र हवी. डॉक्टरांच्या तपासणीत मूत्रपिंडाचा दोष निघाला, तर हे सूप त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका. भाज्यांतले पोटॅशियम पाण्यात उतरते, आणि सुपात आपण ते पाणी फेकत नाही, पितो.

नुसत्या सुपावर भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. नाही भागणार. वाटीभर पातळ भाज्यांच्या सुपातून जेमतेम साठ-सत्तर कॅलरी मिळतात, आणि अठ्ठावन्न किलोच्या वृद्ध माणसाला, मूत्रपिंडे निरोगी असतील तर, रोज किलोमागे सुमारे एक ग्रॅम, म्हणजे साठेक ग्रॅम प्रथिने लागतात. तीस ग्रॅम मुगाच्या डाळीतून सात ग्रॅम मिळाली, तरी बाकीची कुठून येणार? आणखी एक अडचण अशी, की जेवणाआधी सूप दिले तर पोटाला तेवढाच आधार होतो आणि ताट राहून जाते. म्हणून सूप संध्याकाळी पाचच्या सुमारास द्या किंवा त्यालाच जेवण करा, म्हणजे घट्ट सुपात कळण्याची भाकरी कुस्करून मऊ काला करा. दात कुरकुरत असतील, तर आपल्याकडचे फुणके हा उत्तम मार्ग आहे. डाळ भिजवून, जाडसर वाटून, वाफवलेले फुणके कढीत बुडाले की चावावे लागत नाहीत आणि प्रथिने भरपूर मिळतात. फोडणीत तिखट मात्र बेताचे ठेवा. मऊ खिचडीवर घाण्याच्या शेंगदाणा तेलाची धार, दुपारी वाटीभर दही, आणि साखरेचा हिशेब पाहून डॉक्टर म्हणतील तेवढे केळे, हे सगळे जळगावात राहून शोधावे लागू नये. दर रविवारी एकाच काट्यावर, सकाळी, त्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहीत जा. ते वाढते की घटते, हाच सुपाचा खरा निकाल.

साडेसातच्या वेगळ्या ताटाविषयी मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. तुमची अडचण मला कळते. मुले नऊला येतात आणि आबांना त्या वेळेपर्यंत थांबवणे बरोबर नाही. तरीही पन्नास वर्षे समोर कोणीतरी बसलेले असताना जेवलेला माणूस आता दूरदर्शनसमोर एकटा जेवतो आहे, आणि एकट्याने माणूस कमी जेवतो, हे आपण आपल्यावरूनही जाणतो. तुमचे किंवा यजमानांचे जेवण त्यांच्याबरोबर होऊ शकत नसेल, तर निदान कोणीतरी आपली वाटी घेऊन त्यांच्याशेजारी बसावे. यजमानांना पाकिटे आणण्याऐवजी हे काम सांगा. पाकिटातल्या सुपात बहुधा मक्याचे पीठ, साखर आणि मीठ यांचाच भरणा असतो. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, तो त्यांना एकदा मोठ्याने वाचायला लावा, म्हणजे रक्तदाबाच्या माणसाला रोज का देऊ नये, हे वेगळे समजवावे लागणार नाही. प्रवासात, अडीनडीला, एखादे वापरले तर बिघडत नाही.

आणि आता तुमच्या रडू येण्याविषयी. त्यात तुमचे काहीच चुकलेले नाही. पण मला असे वाटते, की वाटी समोर ठेवताना तुम्ही आबांना, शब्दांत किंवा नजरेने, 'आईंसारखे झाले का?' असे विचारत असाल. या प्रश्नाला त्यांच्याजवळ एकही सोपे उत्तर नाही. 'हो' म्हटले, तर ज्या बाईबरोबर आयुष्य काढले, तिची जागा भरून निघाली असे कबूल केल्यासारखे होते, आणि 'नाही' म्हटले, तर सून दुखावते. म्हणून ते दोन चमचे घेऊन वाटी सारतात आणि रंगाचे कारण देतात. हा प्रश्न विचारणे थांबवा. सूप ठेवा, दुसरे काही बोला. त्यापेक्षा दुपारी परातीत मटार आणि लसूण त्यांच्यापुढे ठेवा आणि सोलायला सांगा. हात कामात असले, की माणूस बोलतो. गार्डसाहेबांचे घर कुठल्या ओळीत होते, नाताळात त्यांच्याकडून काय यायचे, रात्रपाळी करून आल्यावर सासूबाई काय वाढायच्या, हे विचारा. यातून कृती मिळेलच, असे नाही, पण आबांना सासूबाईंविषयी बोलायला कोणी हवे आहे आणि घरात त्यांचे नाव हळूहळू कमी घेतले जाते आहे, हे तुमच्या पत्रातल्या 'ते सूप कर' या वाक्यावरून मला स्पष्ट दिसते. सुपाच्या निमित्ताने ते पत्नीविषयी बोलू पाहत आहेत.

राहिल्या नणंदबाई. आपल्या भागात भरिताच्या पार्टीत वांगे आसोद्याचे की बामणोदचे, यावर पान वाढेपर्यंत वाद घालणारी मंडळी असतात, तेव्हा आईच्या हातच्या सुपावर लेकीने हक्क सांगितला, तर ते मनावर घेऊ नका. त्यांचीही आई गेली आहे, आणि सूप कोणाला येते या वादात त्यांना ती थोडी अधिक आपली वाटत असेल. त्यांना फोनवर कृती विचारू नका. कोणत्या आजारात प्यायलात, कोणाच्या वाटीत अधिक पडायचे, एवढेच विचारा. त्या दिवाळीला माहेरी येतील, तेव्हा पातेले त्यांच्या हाती द्या, आबांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवा, आणि तुम्ही शेजारी उभे राहून कळणा कालवा. मीठही नणंदबाईंच्याच हातून पडू द्या. किती घालायचे, हे मात्र आदल्या दिवशीच सांगून ठेवा.